आंबेखोलच्या पालखीचा पहिला मान

मंडळी, आज एकच प्रश्न मांडतो — मान मोठा का आसरा मोठा? थांबा, लगेच माना डोलवू नका! "आसरा मोठा, बुवा" म्हणायला काय जातं? लग्नात पहिल्या पंगतीला पान नाही मिळालं की तोंडं कशी होतात, ती मी पाहिलीत! ऐका तर.

मुंबईत एक चाळ होती — लक्ष्मीकांत चाळ. सगळी बिऱ्हाडं भाडेकरू, आणि सगळी कोकणातल्या एकाच गावची, आंबेखोलची. आता शिमगा आला की कोकणी माणूस मुंबईत थांबेल? अहो, साहेबानं रजा नाही दिली तर नोकरी सोडेल, पालखी नाही सोडणार! ग्रामदेवता पालखीत बसून घरोघरी येते. देव दारात, आणि दाराला कुलूप? शिव शिव!

एरवी गावी जाताना किल्ली शेजारी ठेवायची, ही चाळीची रीत. पण यंदा शेजारीही निघाले! तेव्हा पुढं आला मालकाचा मुकादम, शशिकांत दाजी. गोड माणूस! म्हणाला, "किल्ल्या माझ्याकडं द्या. तुम्ही शिमगा करा, मी खोल्यांना चुना मारून ठेवतो. फुकट!" फुकट म्हटलं की आपण...? मी काही बोलत नाही, समोरच्या ताईच हसल्या! दिल्या किल्ल्या! अहो भोळ्यांनो, भाडेकरूनं मालकाच्या माणसाला किल्ली दिली की मालक काय म्हणणार? खोली सोडून गेले!

झालंही तसंच. गाड्या गावात पोचल्या नाहीत तोच चाळीत माणसं आली. चुन्याची बादली नाही — हातात पहारी! दारं-खिडक्या निघायला लागल्या!

चाळीत एकच बिऱ्हाड राहिलं होतं. द्रौपदीबाईचं. इस्पितळात आया, नवरा गेलेला, पदरात दोन मुली. रजा मिळाली नाही म्हणून थांबलेली. तिला दुसरं छप्पर नाही, मंडळी! बाकीची चाळ पाडल्यावर हिची खोली काय हवेत लटकणार? तिनं नगरसेविकेला फोन लावला, कुंदाताई मालपांना. "ताई, चाळ पाडतायत वो!"

कुंदाताई कुठं होत्या? मंचावर! मंत्री यायचे होते, आणि ताईंची खुर्ची अगदी त्यांच्या शेजारी. पुढच्या निवडणुकीचं तिकीट तिथंच ठरायचं. ताई उठल्या. लोक म्हणाले, "अहो, मंत्र्यांची गाडी कोपऱ्यावर आलीय!" "येऊ दे की. माझ्या माणसांची घरं चाललीत." — आणि गेल्या!

चाळीत पालिकेचा साहेब उभा. म्हणाला, "ताई, इमारत धोक्याची, आणि लोक तर किल्ल्या देऊन गेलेत. मी काय करू? उद्या दुपारपर्यंत भाडेकरूंनी समोर येऊन सांगावं, आम्ही घर सोडलेलं नाही. मी काम थांबवतो. नाहीतर पाडतो." भाडेकरूंना परत बोलवायला ताईंनी तिथंच पायरीवर बसून गावाला फोन लावला.

फोन घेतला भिवाबानं. पालखीचा मानकरी! देव पहिला याच्या अंगणात, मग सारं गाव, आणि मुंबईकरांची, म्हणजे या चाळकऱ्यांची, वाडी सगळ्यात शेवटी, दोन दिवसांनी. या मानावरून आंबेखोलात डोकी फुटलीत, मंडळी!

भिवाबा म्हणाला, "ताय, देव दारात यायचा नि मानसा गाडीत? जमायचा नाय."

"मग पालखी आधी वाडीत न्या."

"माज्या आदी? आज्यापासनचा मान हाय आमचा!"

तेव्हा ताईंचा आवाज चढला. "भिवाबा, मी माझी खुर्ची सोडून आलेय! आता तिकीट मिळेल का नाही, तुमचा देव जाणे. द्रौपदीच्या पोरी रस्त्यावर येऊ नयेत म्हणून सोडली. तुम्ही काय सोडता?"

ढोल थांबला. — मृदंगबुवा, तुम्हीही थांबा जरा! — भिवाबाला एकच दिसत होतं. आज्याचा मान! गाव काय म्हणेल? पोरगा काय म्हणेल? मग भिवाबा पालखीपुढं गेला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं —

"बा देवा म्हाराजा! शेरात तुज्या लेकरांच्या डोईवरचा छप्पर चाललाय. यंदा आदी त्यांच्या दारात जा. माज्या दारात मागनं ये. पन रागावू नको रे म्हाराजा!"

आणि सारं गाव म्हणालं — म्हणा की माझ्याबरोबर! — "व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. साहेब घड्याळ बघतोय, दाजी पान चघळतोय, द्रौपदीबाई मुलींना पोटाशी धरून दारात बसलीय. आणि गल्लीच्या तोंडाशी — गुलाल! टेम्पोतून, एसटीतून, मिळेल त्या गाडीनं आलेली अख्खी चाळ, अंघोळसुद्धा न करता! "चुन्यासाठी किल्ली दिली, घर नाय दिला!" साहेब हसला, म्हणाला, "काम बंद!" दाजीनं किल्ल्यांचा जुडगा पुढं केला. द्रौपदीबाई मोठ्यानं रडली, मोकळी मोकळी झाली. कुंदाताई म्हणाल्या, "रडतेस काय? आधी चहा टाक, कालपासून घोटभर प्यायले नाही!"

तिकिटाचं विचारू नका, मला ठाऊक नाही. पण पुढं महापालिकेत भांडून त्यांनी त्या चाळीची दुरुस्ती करून घेतली. भाडेकरू घरात असताना! परवडणाऱ्या भाड्यात माणसं अजून तिथंच नांदतायत.

आणि भिवाबा? त्याच्याकडं पालखी सगळ्यात शेवटी आली. एरवी पहिल्या घरी देव घाईत असतो, पुढं सारं गाव वाट बघतं. यंदा पुढं कुणीच नव्हतं! भिवाबा म्हणाला, "आता बस निवांत, म्हाराजा." आणि देव बसला हो!

तर मंडळी, आख्यान संपलं. आता इकडं बघा. पुढं या गाद्यांवर आपण मानाची माणसं बसलोत, लोडाला टेकून. आणि मागं, त्या खांबापाशी, चार म्हाताऱ्या मघापासून उभ्या आहेत. मी काही नाव घेत नाही. नुसता थांबलोय. कोण उठतंय?