फोर्कातांच्या घरी कोण राहतं?

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या तोर्रेसेका गावच्या महापौर आसुन्सियोनबाई; तेरुएलहून मुद्दाम आलेले आरोग्य खात्याचे साहेब; सत्कारमूर्ती डॉक्टर रोझेर विलाप्लाना; आणि हा माणूस कधी एकदा खाली बसतो नि भाजलेलं कोकरू पानात पडतं याची वाट बघणारी माझी गाववाली मंडळी, सर्वांना देसिदेरियो मोलिनेरचा नमस्कार.

साहेब, मोलिनेर हे माझं आडनाव नव्हे बरं का, घराचं नाव. आमच्याकडे आडनावाला कोणी विचारत नाही. ज्या घरात राहता, त्या घराचं नाव तुमचं. ऑलिव्ह तेलाच्या सोसायटीचा अध्यक्ष म्हणून आज बोलण्याचा मान मला दिलात. मान दिलात की अडकवलंत, याविषयी मला शंका आहे, पण ते असो.

हे भाषण मी कास्तिलियनमध्ये, म्हणजे सरकारी स्पॅनिशमध्ये करतोय, कारण व्यासपीठावर साहेब बसलेत. परक्या माणसासमोर घरचं बोलणं काढणं हा उद्धटपणा, असं आईने शिकवलं. आता त्या घरच्या बोलण्याचं नाव काय, ते कृपा करून विचारू नका. आपल्याच आरागोनच्या राजधानीत, झारागोझाला गेलो की आम्ही कातालान ठरतो. पलीकडे कातालोनियात, येइदाला गेलो की तेच आम्ही आरागोनी! दोन्हीकडचे आम्हाला आपलं म्हणायला कचरतात, म्हणून आम्हीही दोन्हीकडे जरा तिरकंच बघतो. आम्ही नुसतं ‘आपलं बोलणं’ म्हणतो. नाव ठेवलं की लगेच कोणीतरी मालकी सांगायला येतं.

आणि अशा गावात थेट येइदाहून या डॉक्टरीणबाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या हेनेरोसाकाकूंना आपल्या बोलण्यात विचारलं, “कुठं दुखतंय गं?” काकू ताठ बसून कास्तिलियनमध्ये म्हणाल्या, “इथे, डॉक्टर.” बाहेर आल्या आणि आम्हाला दबक्या आवाजात म्हणाल्या, “जपून राहा रे. हिला सगळं कळतं.”

मला सांगा, एवढी गावं सोडून हेच गाव का? डॉक्टर पाठवली होती, की आम्हाला हळूहळू कातालान करायला कोणी पाठवलं होतं? मी हे तेव्हाच बोललो होतो. आसुन्सियोनबाई, मान हलवू नका, तुम्हीही बोलला होता.

तेव्हापासून गाव दवाखान्यात कास्तिलियन बोलू लागलं. बाहेरच्या बाकावर मात्र आपलं बोलणं चालूच. आणि मधलं दार कसलं, नुसती फळी! एकदा काकू बाकावर सांगत होत्या, “गोळ्या कसल्या घेतेय मी, कुंडीत टाकते जिरेनियमच्या.” मग आत जाऊन म्हणाल्या, “घेते हो डॉक्टर, अगदी वेळेवर.” बाईंनी शांतपणे विचारलं, “आणि जिरेनियमचा रक्तदाब कसा आहे?” हसताय काय? सगळं गाव महिनाभर बाकावर मुक्याने बसत होतं.

माझी आई आजारी पडली, तेव्हा शेवटी शेवटी तिची कास्तिलियन पार पुसली गेली. उरलं ते आपलं बोलणं. बाई रोज यायच्या, तिच्या उशाशी बसायच्या, आणि दोघी कुजबुजायच्या. मी दाराशी उभा. एक दिवस न राहवून विचारलं, “काय म्हणत होती आई?” तर बाई म्हणाल्या, “ते आमचं दोघींचं आहे.” माझी आई, माझं घर, आणि गुपित येइदाच्या बाईंकडे! मला फार लागलं ते. ती गेल्यावरही मी बाईंना कास्तिलियनमध्येच ‘शुभ दुपार’ म्हणत राहिलो.

आता बाई निवृत्त झाल्या. निवृत्त झाल्या म्हणजे आपल्या मुलखात परत जाणार, हे गावाने धरूनच चाललं. परक्या माणसाला थेट काही विचारायचं नाही, ही आपली सभ्यता. म्हणून सभागृह ठरलं, कोकरू ठरलं, आणि भेट म्हणून ती टेबलावरची लाल, चाकांची, भलीमोठी प्रवासी बॅग आली.

आज सकाळी मी फोर्कातांच्या घरावरून चाललो होतो. हे घर म्हणजे माझ्या आईचं माहेर. मामेभाऊ झारागोझाला गेला तेव्हापासून बंद. बघतो तर खिडक्या सताड उघड्या, धुराड्यातून धूर, कठड्यावर चादर वाळत घातलेली. चोर चादरी धुतो का? मी समोर थांबून उगाच बुटाची नाडी बांधत राहिलो. तेवढ्यात वरून आवाज, “काय रे देसिदेरियो, काय बघतोयस?” डॉक्टरीणबाई!

मी कास्तिलियनमध्ये म्हटलं, “काही नाही, हवा बघतोय. संध्याकाळी निरोपाला येताय ना?”

“येते की. पण कोण चाललंय?”

मंडळी, माझी नाडी हातातच राहिली. घर त्यांनी मामेभावाकडून केव्हाच विकत घेतलं होतं. मी विचारलं, आम्हाला कोणालाच कसं नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, “कोणी विचारलं का?” मग विचारलं, हेच घर का? त्या म्हणाल्या, “तुझ्या आईने हात धरून सांगितलं होतं. माझं माहेर बंद पडू देऊ नकोस, म्हणाली. तुला सांगून उपयोग नाही, तू आधी संशय घेत बसशील, असंही म्हणाली.”

मी तिथून निघालो तो सरळ ऑलिव्हच्या बागेत जाऊन बसलो. रडलो, असं कोणी म्हणत असेल तर त्याने आधी पुरावा द्यावा.

माझा संशय अजून पुरता फिटलेला नाही. पण आपली रीत काय सांगते? फोर्कातांच्या घरी राहील तो फोर्कात. म्हणजे या बाई आता माझ्या आजोळच्या झाल्या. आणि आजोळच्या माणसाशी परक्या भाषेत बोललेलं आईला खपलं नसतं.

तर अध्यक्षबाईंचे आणि सकाळपासून भट्टीपुढे भाजून निघालेल्या मंडळींचे मनापासून आभार. काही कमीजास्त बोललो असेन तर पदरात घ्या. साहेब, तुमची मात्र वेगळी माफी मागतो. यापुढचं मी आपल्या बोलण्यात बोलणार आहे. परक्यासमोर हा उद्धटपणाच, पण आता या सभागृहात परके असे तुम्ही एकटेच उरलात.

ए रोझेर! फोर्कातांची ना तू? मग वर पाहुण्यांच्या खुर्चीत काय बसलीयस? ती बॅग साहेबांना देऊन टाक, जायचंय त्यांनाच. आणि खाली ये आमच्यात, कोकरू निवतंय.