आठ पायांची चिप

विषय : तीन व्होल्टच्या ओलावामापकासाठी योग्य चिप मिळणेबाबत.

अर्ज माझ्या लेकीचा. ती रिसोडला कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. शून्यापासून पूर्ण तीन व्होल्टपर्यंत सिग्नल वाचणारी ऑप-अँप चिप तिने मागितली. कॉलेजचे भांडारपाल गजाननभाऊंनी शिल्लक पडलेली जुनी दिली.

"मॅडम, यालेबी आठच पाय हायेत."

"पाय मोजून काय करू, भाऊ? दीड व्होल्टच्या वर याले काहीच समजत नाही!"

केनवडचे शेतकरी तीच चिप लावलेला मापक पाहायला आले, तेव्हा त्याने ओल्या मातीला आणि चिखलाला एकच आकडा दिला.

"पोरी, याच्यापेक्षा माहा अंगठा बरा," एक म्हातारा म्हणाला.

लेकीने पुन्हा अर्ज केला. गजाननभाऊंनी शेरा मारला : "दिलेली चिप सुस्थितीत आहे. बिघडल्याचा दाखला जोडावा."

चिप काही बिघडत नाही. अर्ज प्रलंबित आहे.