खऱ्या नावानं दावा

व्हर्ना : ती पोळी उलट, थिया, कड जळतेय. इतकी वर्षं या घरात सून म्हणून आहेस, अजून लेफ्सा नीट भाजता येत नाही! हं, तर मी काय सांगत होते? ती 'जेन डो'. कोर्टाच्या कागदावर खोटं नाव. खरी असेल तर स्वतःच्या नावानं यावं की! पडद्याआडून डॉक्टर विटमरवर चिखल उडवायचा आणि वर भरपाई मागायची.

थिया : तिच्या घरी लहान मूल असेल.

व्हर्ना : मग घरी बसावं. माझा खुबा त्यानं बसवला, काठी सुटली माझी. अख्खं गाव त्याला मानतं.

थिया : अख्खं गाव मानतं, म्हणूनच नाव लपवलं.

व्हर्ना : तू कशाला तिची एवढी बाजू घेतेस?

थिया : कारण ती मीच आहे.

(व्हर्ना तव्याखालचा गॅस बंद करते.)

व्हर्ना : काय म्हणालीस?

थिया : जेन डो मीच. बर्फावर पडून माझी पाठ धरली होती, आठवतं? तेव्हा एकदा त्यानं नर्सला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

व्हर्ना : माझ्या अँडर्सला माहीत आहे?

थिया : घरी आल्या आल्या सांगितलं. तुम्हाला सांगू नकोस, असं मीच म्हटलं. पोलिसांत गेलो. सरकारी वकील म्हणाला, पुरावा अपुरा आहे, फौजदारी खटला टिकणार नाही. म्हणून हा दिवाणी दावा.

व्हर्ना : थांब. माझ्या खुब्याच्या तपासणीला तूच न्यायचीस मला. ते या सगळ्यानंतर?

थिया : हो. तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे जायला तयारच नव्हतात.

व्हर्ना : एकदाही आत एकटीला सोडलं नाहीस. मी अँडर्सकडे कुरकुर केली होती, मी कपडे बदलतानाही ही बाई खुर्चीवरून हलत नाही म्हणून.

थिया : सांगितलं त्यानं मला.

व्हर्ना : त्या माणसासमोर बसायचीस. दर वेळी. देवा रे! आणि मी तुला नाजूक समजत होते.

थिया : आता न्यायाधीशांचा हुकूम आलाय. म्हणतात, तुम्ही भरपाई मागताय, समोरच्याचं नाव उघड आहे, तर तुमचंही उघड हवं. संकोच हे कारण पुरत नाही. खऱ्या नावानं दावा चालवा, नाहीतर मागे घ्या.

व्हर्ना : वरच्या कोर्टात जा.

थिया : वकीलबाई म्हणतात, जाता येईल, पण फार वेळ जाईल. तोवर तो रोज दार लावून बायका तपासणार. मला थांबायचं नाही. पण खरं नाव म्हणजे थिया ब्रेखस. तुमचं नाव, व्हर्ना. आपल्या हार्डवेअरच्या दुकानाच्या पाटीवरचं.

व्हर्ना : आणि मी नको म्हटलं तर?

थिया : तरी लावणार. पण पेपरात वाचण्याआधी तुम्हाला माझ्या तोंडून कळावं, असं वाटलं.

व्हर्ना : शाबास! असंच ठणकावून सांग. अगं, ते नाव माझं तरी कुठलं? मलाही लग्नातच मिळालं, तुझ्यासारखं. मी जन्मभर ते नाताळच्या कार्डांवर आणि खिळ्यांच्या बिलांवर लिहीत आले. त्याचा एवढा मोठा उपयोग या घरात कुणी केला नाही.

थिया : मघाशी तुम्हीच म्हणालात, खरी असेल तर—

व्हर्ना : मूर्खासारखं बोलले. तुला ते इथं उभं राहून ऐकावं लागलं. गावातही तसंच बोलतील. बोलणाऱ्यांना माझ्याकडे पाठव.

थिया : सिग्नेला शाळेत कुणीतरी बोलेलच. त्याआधी आई म्हणून मला सांगायचंय तिला. आजच.

व्हर्ना : तू सांग. मी तिच्या शेजारी बसते. मध्ये एक शब्द बोलणार नाही. बसू?

थिया : बसा ना.

व्हर्ना : आणि हे बघ, 'ब्रेखस'मध्ये 'के'नंतर 'एच' आहे. कारकून लोक हमखास गाळतात. वकीलबाईंना म्हणावं, नीट लिहा.