दीपाचं राहिलेलं भाषण

मतदानाचं वय सोळा करावं का, यावर तुम्ही भांडताय म्हणून सांगतो. निपाणीत आमच्या कॉलेजात हाच विषय वादविवादाला ठेवलेला. बारावीतली सतरा वर्षांची दीपा बाजूनं बोलणार होती. आईसोबत विड्या वळता वळता तिनं भाषण पाठ केलेलं.

आदल्या दिवशी तिचे वडील कॉलेजच्या ऑफिसात माझ्याकडं आले. मी म्हणालो, "आप्पा, उद्या लेकीचं भाषण ऐकायला या की." विषय सांगितल्यावर ते हसले.

"एवढ्याशा पोरास्नी काय कळतंय, सर? तिचा दाखला तेवढा द्या. लगीन ठरवलंय."

"ती अजून सतराचीच आहे," मी म्हणालो आणि दाखला दिला नाही. ते गेल्या गेल्या बालविवाह रोखणाऱ्या चाइल्ड हेल्पलाइनला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी हेल्पलाइनची माणसं दीपाच्या घरी पोचली, तोवर तिकडं कागलला लग्न लागून गेलं होतं.

आठवड्यानं आप्पा स्टँडवर भेटले. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"मत द्यायला अक्कल नाही म्हणालात, मग लग्न कसं लावलंत?"

ते शांतपणे म्हणाले, "मत द्यायचं तर तिनं ठरवाय लागतंय, सर. लगीन आम्ही ठरवलतं."