आईला दिलेला आवाज

—आणि चहा मी विचारणार नाही, आधीच सांगते. बसा मात्र. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतो — इथं, कापडं सारा बाजूला. ही पँट संध्याकाळी द्यायचीय, तेव्हा माझं मशीन चालू राहील. तर काय म्हणालात, मॅडम? तुमच्या संग्रहालयाला वाईट वाटलं? भिंतींना काळीज असतं का कुठं? परवा मी तिथं चारचौघांत तोंड सोडलं, तुमच्या रखवालदारानं दंडाला धरून बाहेर काढलं, आणि जाताजाता मी ओरडून सांगितलं की चित्रातली बाई माझी आई आहे — म्हणून आलात. नाहीतर शिलाईवालीच्या दारात कोण येतंय.

चित्र कधीचं, कुठलं, मला नका सांगू. माझ्यासमोर काढलंय. आई त्या चित्रकाराकडे झाडलोट करायची, धुणं धुवायची, एक दिवस तो म्हणाला खिडकीपाशी बस — बसली. मी कोपऱ्यात त्याच्या रंगाच्या फडक्यांच्या बाहुल्या करायची. त्याला आई का पसंत पडली सांगू? बडबड करत नाही म्हणून. कशी करेल? मुकी होती माझी आई. जन्माची मुकी, बहिरी. — हां, आता उतरला चेहरा. आणि तुम्ही काय केलंत? खाली पाटी लावलीत, ‘विसावलेली बाई’ — विसावा, आणि माझ्या आईला — आणि शेजारी हा एवढा पडदा, त्यात तेच चित्र जिवंत केलेलं, पापण्या मिटतंय, ओठ हलवतंय, समोर येईल त्याच्याशी गप्पा मारतंय. आवाज कसला, तर टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या बाईचा. म्हणे साहेबांचे रंग मला फार आवडायचे. आवडायचे? त्या वासानं तिचं डोकं उठायचं, घरी आल्यावर ओला फडका बांधून पडायची. एक बाप्या विचारतो, लग्न झालंय का गं तुझं — आणि ही लाजते. माझ्या आईनं केरसुणी घातली असती त्याच्या टाळक्यात. मेलेल्या बाईला बोलतं करायचं, आणि तेही कुणाशीही गोड गोड — शी. थुंकले असते, पण दुकान माझंच आहे.

ती मुकी हे ठाऊक नव्हतं, चुकून झालं म्हणता. बरं. तोंड काय, चित्रात सगळ्यांचंच मिटलेलं असतं. पण ते हात बघा ना, मांडीवर, एकात एक. आई हातांनी बोलायची, मॅडम. भांडायची हातांनी, हसवायची हातांनी, शेजारणीची नक्कल केली की ती शेजारीण सोडून अख्खी गल्ली लोळायची. मला हाक मारायची ती गालावर दोन बोटं टेकवून — इथं, खळी पडते तिथं — तेच माझं नाव. आणि चित्रकार सांगायचा, हात हलवायचे नाहीत. म्हणजे तिचं तोंडच बांधलं की. घरी आली की इतकी भडाभडा बोलायची हातांनी, चुलीवरचं करपून जायचं. त्यानं तिला गप्प केलं. तुम्ही तिच्या तोंडात परकी जीभ घातलीत. कुणाला विचारून?

काय? थांबा, मशीन थांबवते, पुन्हा बोला. — हातसुद्धा हलवता येतील? खुणांची भाषा येणारा माणूस आणून? कुणाच्या खुणा, शाळेत शिकवतात त्या? आईच्या खुणा घरच्या होत्या, तिला नि मला कळायच्या, आता फक्त मला येतात, आणि ती भाषा एकट्यानं बोलता येत नाही. त्या मी तुम्हाला शिकवू? गालावरची दोन बोटं शिकवू? मग तुमची ती बाई येणाऱ्याजाणाऱ्या पोरीला — नाही. परवा तेच झालं. तेच तर झालं.

मी काय पहिल्यांदा आले नव्हते. एका गिऱ्हाइकानं सांगितलं म्हणून आले, शिव्या घालत घरी गेले, आणि पुन्हा आले. मग पुन्हा. तिकीट काढून. ते पडद्यावरचं विचारतं ना, तुझं नाव काय — मी सांगितलं. आणि त्यानं हाक मारली. आईच्या ओठांनी. दिवेलागणीला सगळ्या बाया दारात उभ्या राहून पोरींना हाका मारायच्या, मॅडम, मी मात्र खेळताना सारखी मागं वळून बघायची, कारण मला हाक येणारच नव्हती. म्हणून तुमच्याकडे जायचं, नाव सांगायचं, ऐकायचं, घरी यायचं — खोटं आहे कळत होतं, मी काय खुळी आहे? तरी जायचे. परवा अशीच डोळे मिटून उभी होते, तर मागची पोरगी पुढं झाली, तिनं तिचं नाव सांगितलं, आणि त्याच मायेनं, त्याच सुरात तिलाही हाक. जरासुद्धा फरक नाही. मग ओरडले. माझीच किळस आली. तुमची तर आलीच.

तर परवानगी नाही. हात नाहीत, आवाज नाही, काही नाही. पडदा बंद करा. — पुढच्या आठवड्यात बैठक? बैठक कसली, आज बंद करा. आत्ता जाऊन करा. उद्यावर टाकलंत तर उद्या मी येईन तिथं, नाव सांगायला रांगेत उभी राहीन.

काही बोलू नका. उठा. जाताना दार ओढून घ्या.