आधी पडायचं, मग अंघोळ

नाही, म्हणजे मला एक सांगा, अंघोळ ही काय बघायला जायची गोष्ट आहे? देऊळ बघा, डोंगर बघा, जपानातल्या या आमच्या बेप्पूत तर गटारातूनसुद्धा वाफ निघते, ती बघा, फोटो काढा, कोण नको म्हणतंय... पण एक म्हातारा अंगाला साबण लावतोय हे बघायला विमानात बसून यायचं? आणि तो म्हातारा म्हणजे मी! तुम्हाला सांगतो, मला फक्त अंघोळ करायची होती.

आमच्या गल्लीचं स्नानघर आहे. गल्लीचंच, म्हणजे शेजाऱ्यांनीच चालवायचं, शेजाऱ्यांनीच घासायचं आणि शेजाऱ्यांनीच त्यावरून भांडायचं. जमिनीतून उकळतं पाणी येतं, हौदात पडतं, मधे एक भिंत, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका, आणि दारात गल्ल्यावर हिसानोबाई. मी शाळेत होतो तेव्हा तिथे त्यांच्या सासूबाई बसायच्या, पण कपाळावरची आठी हीच, बहुतेक गल्ल्याबरोबरच मिळत असावी. मी शिराकी, बस चालवायचो, आता निवृत्त. आणि माझा मित्र ओगाता, त्याचं मासळीचं दुकान होतं. आम्ही दोघं रोज दुपारी गळ्यापर्यंत पाण्यात बसतो आणि... काय करतो? काही नाही. तो म्हणतो, आज पाणी कडक आहे. मी म्हणतो, काल जास्त होतं. एवढं बोललं की दिवस झाल्यासारखा वाटतो.

गेल्या हिवाळ्यात पंप बिघडला आणि स्नानघर बंद पडलं. आता घरी टब आहे, नाही असं नाही. बायको म्हणाली, "अहो, हा काय शोभेला ठेवलाय?" बसलो टबात. गुडघे आत घेतले की खांदे बाहेर, खांदे आत घेतले की गुडघे बाहेर, आणि पाणी कडक आहे हे सांगायचं कोणाला, नळाला? शेवटी गळ्यात पंचा टाकून बाहेर पडलो, तर कोपऱ्यावर ओगाता, त्याच्याही गळ्यात कोरडा पंचा. दोघं समोरासमोर उभे, अंगात कोट, आणि तुम्हाला सांगतो, बोलायलाच सुचेना! इतकी वर्षं रोज भेटतोय, पण या माणसाला कपड्यांत मी नीट पाहिलंच नव्हतं. तो म्हणाला, थंडी आहे. मी म्हणालो, आहे. आणि आपापल्या घरी गेलो. त्या दिवशी मात्र मी घाबरलो.

मग बैठक झाली. जुनी माणसं एकेक करून गेली, उरलेल्यांच्या जिवावर पंप बसणार कसा, तेव्हा बंदच करू या, असं सगळे हळहळत ठरवत होते आणि हिसानोबाई गल्ला पुसत होत्या. पुसलेलाच परत पुसत होत्या. तेवढ्यात त्यांची भाची चिहारू, ओसाकाहून आलेली, तिने सांगितलं की बंद कशाला, बाहेरचे प्रवासी आणू या, त्यांना आपली पारंपरिक अंघोळ शिकवू या. शिकवणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे आणि ओगाताकडे पाहिलं. मी नाही म्हणणारच होतो... पण हिसानोबाईंचा हात पुसता पुसता थांबला होता. म्हणालो, बरं.

आणि मग सुरू झालं माझं शिक्षण! म्हणजे माझं हं, प्रवाशांचं नाही. चिहारू म्हणे, काका, पंचा डोक्यावर ठेवायचा. मी जन्मात कधी डोक्यावर ठेवलेला नाही, मी गळ्यात टाकतो. "काका, चित्रात डोक्यावर असतो." "चित्र कोणी काढलं?" "मी." आमची प्लास्टिकची पिवळी घमेली गेली, लाकडी आली, ती गळतात, पाणी उचलून डोक्यापर्यंत नेईस्तोवर पायावरच अंघोळ झालेली असते. कुरकुर करायची तर करा, म्हणाली, पण चेहरा शांत ठेवून करा. अहो, मला फक्त अंघोळ करायची होती.

पहिल्या दिवशी पाहुणे आले. अंगावर सूत नाही, डोक्यावर पंचा, आणि रांगेत उभे राहून माझ्याकडे असे बघताहेत, जसं मी आता काहीतरी मोठं गुपितच सांगणार आहे. मी बसलो, ते बसले. मी खोकलो, ते खोकले. मी पाठ खाजवली, तर सगळ्या रांगेने पाठ खाजवली, एक जण डावखुरा होता तो गोंधळला बिचारा. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की म्हटलं चला, एकदाचं पाण्यात शिरू, उठलो, साबणावर पाय पडला, दोन्ही हात वर, तोंडातून "अय्ययाया", आणि दाणकन् आपटलो.

मग त्या सगळ्यांनी हात वर केले, "अय्ययाया" म्हणाले, आणि दाण, दाण, दाण... भिंतीपलीकडून बायकांच्या बाजूनेही दाण!

त्यांच्यात येन्स नावाचा एक उंच डॅनिश माणूस, वाफेने खेकड्यासारखा लाल झालेला, त्याने भिंतीपलीकडे चिहारूला ओरडून विचारलं की याचा अर्थ काय. ती तिकडून ओरडली, काका, अर्थ विचारताहेत. मी कंबर धरून बसलेलो, मला अर्थ कुठला सुचतोय. तर ओगाता डोळे मिटून गंभीरपणे म्हणाला, "हा भूमीला नमस्कार आहे." तुम्हाला सांगतो, या माणसाने आयुष्यभर कालचा बांगडा आजचा म्हणून विकला, तो उगाच नाही.

झालं. अंघोळ राहिली बाजूला, लोक पडायला यायला लागले! गर्दी एवढी की पंप नवा आला, छप्पर दुरुस्त झालं, हिसानोबाईंची आठी गेली, त्यांच्याकडे बघून आता ओळखच पटत नाही. आणि मी रोज पडतोय. बायको कमरेला मलम चोळता चोळता म्हणाली, एवढी वर्षं बस चालवलीत, कधी कुठे धडकला नाहीत, आणि आता जमिनीवर धडकताय. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडू नका. मी म्हणालो, चुकून नाही हो, ठरलेल्या वेळी पडतो. डॉक्टरांनी मलमाची चिठ्ठी खोडून डोक्याच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

सोडलं मी ते काम. ओगाताने घेतलं. आणि काय पडतो म्हणता! आवाज नाही, घाई नाही, पान गळावं तसा. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. घरीच बसलो, टबात, गुडघे बाहेर. पण किती दिवस? एका दुपारी पंचा गळ्यात टाकला आणि गेलो, म्हटलं गुपचूप एका कोपऱ्यात बसू, मला फक्त अंघोळ करायची आहे.

आत येन्स. गावी गेलेलाच नाही तो, इथेच खोली घेऊन राहिलाय. डोक्यावर पंचा, कमरेत वाकून नमस्कार केला आणि आमच्याच बोलीत, थेट ओगाताच्या सुरात म्हणाला, "आजोबा, आधी पडायचं, मग अंघोळ."

मी त्याला समजावलं. शांतपणे. म्हटलं, बाबा रे, तो नमस्कार नव्हता, तो साबण होता, आणि पडलो तो मी होतो. त्याने सगळं आदराने ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं."

मागे रांग खोळंबलेली, उघडी, कुडकुडत. मी हौदाकडे पाहिलं. वाफेत ओगाता बसलेला. त्याने आधी नजर चुकवली, मग हळूच म्हणाला, "पड ना रे शिराकी. इतके दिवस एकटाच बसतोय मी."

आता सांगा, काय करणार?

पडलो. हात वर, अय्ययाया, सगळं केलं. कमरेतून कळ आली ती डोक्यापर्यंत गेली, पण पाण्यात शिरलो, त्याच्या शेजारी बसलो, आणि कळ कुठल्या कुठे... बरं वाटलं हो. खूपच बरं वाटलं. तेवढ्यात येन्स काठावर येऊन बसला, म्हणाला, आजोबा, मन आहे तुमच्यात, पण डावा हात उशिरा जातो. ओगातानेही मान हलवली. नालायक!

तेव्हापासून मी नवशिक्यांच्या तुकडीत आहे. गुरुवारी परीक्षा. येन्स म्हणतो, भूमीची इच्छा असेल तर पास व्हाल.