बंपरचा डावा कोपरा

थोरला : गाडी धुणं हे काम आहे. गाडी पुसणं हे चारित्र्य आहे! माणसाची पारख करायची असेल, तर त्याच्या हातात कोरडं फडकं द्यावं आणि आपण बाजूला उभं राहावं.

धाकटी : दादा, तुझ्या पँटची नाडी बादलीत बुडलीय.

थोरला : कुठल्या?

धाकटी : साबणाच्या.

थोरला : मग असू दे. दुसरीत बुडाली असती तर पाणी बदलावं लागलं असतं.

धाकटी : हे चारित्र्याचं वाक्य बाबांचं ना?

थोरला : बाबांचंच. वाक्यं सगळी त्यांचीच आहेत, मी फक्त वापरात ठेवलीत. टप झाला का तुझा?

धाकटी : झाला. आधी टप, मग काचा, मग दारं, चाकं शेवटी. सावलीत. पाठ आहे मला.

थोरला : पाठ असेल. केलं कधी नाहीस. बाबा तुला फक्त बंपर द्यायचे.

धाकटी : बंपरमध्ये तोंड वाकडं दिसायचं. मी पुसायचे कमी आणि जीभ काढून बघायचे जास्त.

थोरला : म्हणून कोपरे राहायचे.

धाकटी : "धाकटे, कोपरे कुणी पुसायचे? शेजाऱ्यांनी?"

थोरला : हळू. आत झोपलेत ते. आवाज मात्र हुबेहूब काढलास.

धाकटी : काल संध्याकाळी मी आले, तर बाबा मला म्हणाले, "बसा ना. घरातलं कुणीतरी येईलच इतक्यात." मी बसले. आम्ही दोघं बराच वेळ वाट बघत होतो.

थोरला : कुणाची?

धाकटी : घरातल्या कुणाची तरी.

थोरला : तुला निदान बसा म्हणाले. मला ते गॅरेजमधला माणूस समजतात. रोज गाडीपाशी दिसतो ना मी. मध्ये एकदा विचारलं, मालक पगार वेळेवर देतो का?

धाकटी : तू काय म्हणालास?

थोरला : म्हटलं, कधीच नाही देत.

धाकटी : मग?

थोरला : म्हणाले, सोडून द्या ही नोकरी. तुमच्यासारख्या माणसाला कुठेही काम मिळेल.

धाकटी : सोडलीस?

थोरला : पाइप धर. असा नाही. तोंडाची ती फवाऱ्याची नळी काढ आधी. शेवटच्या पाण्याला फवारा मारायचा नाही. नुसतं वरून सोडायचं. ते चादर ओढल्यासारखं घसरत खाली येतं आणि जाताना थेंबांनाही बरोबर घेऊन जातं. बघ. बघ कसं जातंय.

धाकटी : खरंच की. पण हे पिण्याचं पाणी कशाला? एवढं फिल्टरचं पाणी गाडीला?

थोरला : बोअरच्या पाण्यात क्षार. पाणी उन्हानं उडून जातं, क्षार तिथेच बसतात. डाग पाण्याचा नसतो. पाण्यात जे मिसळलेलं होतं त्याचा असतो.

धाकटी : हेही बाबांचं?

थोरला : हे माझं.

धाकटी : बरं आहे.

थोरला : पहिलंच आहे. फडकं घे. घासायचं नाही. फडकं पसरायचं, त्यानं पाणी प्यायलं की अलगद ओढायचं. झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढतो तसं.

धाकटी : डॉक्टर काय म्हणाले परवा?

थोरला : म्हणाले, असंच.

धाकटी : असंच म्हणजे?

थोरला : असंच उतरत जाणार, पण सावकाश. मी म्हटलं, म्हणजे गाडी उतारावर न्यूट्रलला टाकल्यासारखी. ते म्हणाले, तसं म्हणा. मग आम्ही दोघंही ब्रेकबद्दल काही बोललो नाही. ते दार उघड, चौकटीत पाणी असतं.

धाकटी : दादा, ते सांग ना. पेट्रोलच्या झाकणापाशी डाग राहिला होता त्या दिवसाचं.

थोरला : फोनवर सांगितलंय की.

धाकटी : परत सांग.

थोरला : घाईत होतो. झाकणाच्या खाचेतून ओघळ आला, माझं लक्ष नव्हतं, वाळला. बाबा बाहेर आले, नेहमीसारखं भिंतीकडे बघतात तसं गाडीकडे बघितलं. आणि एकदम पाठ ताठ झाली. बोट लावलं त्या डागाला. म्हणाले, "हे थोरल्याचं काम. सांगून सांगून माझी जीभ झिजली, या मुलाला धीर म्हणून नाही."

धाकटी : तुला म्हणाले?

थोरला : मला नाही. माझी तक्रार गॅरेजवाल्याकडे केली. गॅरेजवाला मी.

धाकटी : मग गॅरेजवाला काय म्हणाला?

थोरला : म्हटलं, सांगतो त्याला. तर म्हणाले, "सांगू नका. मनाला लावून घेतो तो. पुसून टाका तुम्हीच."

धाकटी : हे तू फोनवर नव्हतं सांगितलंस.

थोरला : राहिलं असेल.

धाकटी : आणि मागच्या रविवारी?

थोरला : मागच्या रविवारी एक डाग नव्हता. एक! फेरी मारली, काही बोलले नाहीत, आत गेले. आपल्या लहानपणी तोच निकाल असायचा. बाबा गप्प म्हणजे पास, जा खेळायला. तू बघितलंयस, मी जन्मात कधी पहिल्या फेरीला पास झालो नाही. आता दर रविवारी होतो.

धाकटी : परीक्षकाला पेपर कुणाचा हेच माहीत नाही आता.

थोरला : मार्क ते मार्कच.

धाकटी : कसं वाटलं तुला?

थोरला : काही नाही. फडकी पिळून दोरीवर टाकली.

धाकटी : हा आरसा बघ. आत्ता पुसला, परत ओघळ आला. रडतोय नुसता.

थोरला : रडत नाही. आरशाच्या मागे पोकळी असते, तिथे पाणी साठतं आणि मग हळूहळू येत राहतं. उगाच काव्य करू नकोस. खाली फडकं धर आणि थांब.

धाकटी : तुला येतं का रे? रडू?

थोरला : नाही. तुला?

धाकटी : नाही. येईल असं वाटून काल रात्री उशीपाशी नॅपकिन घेऊन झोपले. सकाळी घडी तशीच.

थोरला : बंपरकडे ऊन सरकायला लागलंय. तेवढा कोरडा करून टाकू.

धाकटी : तो मी करते. दादा, मी एक डाग ठेवणार आहे.

थोरला : काय?

धाकटी : बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर. माझ्या कोपऱ्यावर.

थोरला : वेड लागलंय का?

धाकटी : दुपारी मला निघायचंय. पुढच्या खेपेला येईन तेव्हा ते बोलत असतील की नाही, कोण सांगणार? मला ओळखणार नाहीत, ते मी समजून घेतलंय. मला फक्त एकदा ऐकायचंय, "हे धाकटीचं काम." माझ्याकडे बघून नको. बंपरकडे बघून म्हणू देत.

थोरला : आजारी माणसाला मुद्दाम त्रास द्यायचा?

धाकटी : त्या दिवशी त्रास झाला होता त्यांना?

थोरला : नाही. त्या दिवशी पोटभर जेवले.

धाकटी : मग?

थोरला : मग काही नाही. माझ्या हातून डाग ठेवला जात नाही. हा माझ्यातला दोष आहे, तू मोठं मन कर.

धाकटी : तू ठेवू नकोस. मी ठेवते. तू तिकडे बघ.

थोरला : बघतो.

धाकटी : दादा! पुसलास!

थोरला : हात गेला.

धाकटी : मुद्दाम केलंस.

थोरला : अगं, हात आहे तो. जन्मभर त्याला एकच वळण लावलंय, आता एका रविवारी उलटं कसं शिकवू? आणि ऐक, आयुष्यात पहिल्यांदा मला जमायला लागलंय. चुकून नाही, दर वेळी जमतं. ते मी तुझ्यासाठी बिघडवायचं?

धाकटी : हो.

थोरला : सरळ हो म्हणतेस.

धाकटी : तू सरळ विचारलंस. आलेच बघ ते.

बाबा : नमस्कार.

थोरला : या साहेब, या. पायरी सांभाळा.

धाकटी : साहेब काय म्हणतोस त्यांना?

थोरला : बाबा म्हटलं की बिचकतात. या, गाडी तयार आहे.

बाबा : छान आहे. कुणाची?

थोरला : तुमचीच.

बाबा : माझी? बरं झालं. कुणाची तरी असायला हवी.

थोरला : एक फेरी मारून बघा ना. कुठे काही राहिलंय का.

(वडील गाडीभोवती सावकाश एक फेरी मारतात. दोघं आपापली फडकी धरून उभे.)

बाबा : झालं?

धाकटी : ते तुम्ही सांगायचं.

बाबा : मी काय सांगणार? तुमचं काम, तुम्हाला माहीत.

धाकटी : झालास पास.

थोरला : हो.

धाकटी : अभिनंदन. मी बॅग भरते.

थोरला : थांब.

धाकटी : आता कशाला?

थोरला : थांब म्हटलं ना. त्यांना तिकडून, गेटकडून फिरवून आण. सावकाश आण.

धाकटी : हे काय करतोस? दादा, ते बोअरचं पाणी आहे! अरे, कोपऱ्यावर...

थोरला : ओरडू नकोस. मी घरात एवढं एकच शास्त्र शिकलोय, कुठलं पाणी आहे ते मला कळतं. ऊन आलंय, क्रोम तापलंय, आत्ता वाळेल. तोवर त्यांना बोलण्यात गुंतव.

धाकटी : काय बोलू?

थोरला : काहीही. पगाराचं विचार.

धाकटी : साहेब, तुम्हाला मुलं किती?

बाबा : मुलं? आहेत ना.

धाकटी : काय करतात?

बाबा : येतील इतक्यात. तुम्ही उभ्या का? बसा ना.

धाकटी : मुलगी आहे का तुम्हाला?

बाबा : घरातलं कुणी आलं की सांगेल तुम्हाला सगळं.

धाकटी : दादा, वाळलं का?

थोरला : वाळलं. पांढरं पडलंय. एवढा घाणेरडा डाग या गाडीनं तिच्या उभ्या आयुष्यात बघितला नसेल. मला बघवत नाही. आण त्यांना लवकर.

धाकटी : साहेब, जरा हा बंपर बघता? हा डावा कोपरा. वाकू नका, मी धरते तुम्हाला. हं, आता बघा.

बाबा : हं.

धाकटी : दिसलं काही?

बाबा : डाग आहे.

धाकटी : आहे! आहे ना? कुणाचं काम असेल हो हे?

बाबा : चांगला मोठा डाग आहे.

थोरला : कोपराच सोडलाय, साहेब. कोण सोडतं असे कोपरे? आठवून बघा.

बाबा : इथेही आहे.

धाकटी : तिथे नाही, साहेब. ते दार आहे. दार स्वच्छ आहे.

बाबा : दारावर आहे. भिंतीवर आहे. तुमच्याही तोंडावर आहे.

थोरला : माझ्या?

बाबा : दोघांच्याही. माझा चष्मा जरा पुसून देता का? या फडक्यानं नको. हे गाडीचं आहे.